‘आत्याचं झालं ना सगळं नीट?’

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. मी दांडिया बाजारात राहते, वय ४८. घरी साड्यांना फॉल-पिको करून देते. माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं, अकरावी अर्धी टाकून. सतराव्या वर्षी मला मुलगी झाली. दोन दिवस कळा दिल्या, शेवटी चिमटा लावून बाळ काढलं. पावणेदोन किलोची होती. मला मध्ये एक फिट आली होती म्हणे, मला त्यातलं काही आठवत नाही. नंतर महिनाभर ताप होता. पण देवाच्या कृपेने दोघी सुखरूप निघालो. पुढे मूल झालं नाही, एकीलाच नीट वाढवलं.

आता पंचाईत अशी. माझ्या धाकट्या भावाची मुलगी बारावीला आहे. पादऱ्याचं स्थळ आलंय, मुलगा २५ वर्षांचा, हार्डवेअरचं दुकान आहे. मुलाच्या आजीची तब्येत बरी नाही म्हणून त्यांना वैशाखातलाच मुहूर्त हवा. पोरीला अठरा पूर्ण होतात श्रावणात. भाऊ म्हणतो, तीन महिन्यांनी काय बिघडतं, आणि आत्याचं झालं ना सगळं नीट? वहिनी म्हणते, लवकर मुलं झाली की लवकर मोकळं होता येतं, वन्संकडे बघा. आईही त्यांच्याच बाजूने. भाची काही बोलत नाही. परवा एवढंच म्हणाली, ‘आत्या, तुझ्या लग्नातला फोटो दाखव ना.’

दुसरीकडे माझी लेक. ३१ वर्षांची. वासणा रोडला राहते, चांगली नोकरी आहे, लग्नाला तीन वर्षं झाली. मूल इतक्यात नको म्हणते. तिच्या सासूबाई मला फोन करतात, शेजारच्या बेन जिन्यात गाठून ‘कंई सारा समाचार?’ (काही गोड बातमी?) विचारतात. एकदा मी तिला म्हटलं, तुझ्या वयाची मी होते तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. ती म्हणाली, ‘हो ना आई, आपण दोघी बरोबरच मोठ्या झालो.’ त्या दिवसापासून मोजकंच बोलते.

एकीला थांब म्हणायचं आणि दुसरीला घाई कर म्हणायचं, तर मी कुठल्या तोंडाने बोलू? आई व्हायचं बरोबर वय तरी कोणतं?

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी थांबले. सुखरूप.

गरोदरपणाच्या शेवटी किंवा कळांमध्ये येणाऱ्या फिटला आम्ही एक्लॅम्पसिया म्हणतो. आधी रक्तदाब वाढतो, पाय आणि चेहरा सुजतो, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, आणि मग झटका येतो. त्या वेळचं काही आठवत नाही, कारण झटक्यात शुद्धच नसते. जगभर बाळंतपणात आया दगावतात त्याच्या कारणांमध्ये रक्तस्रावानंतर वाढलेल्या रक्तदाबाचा हा आजार येतो. मी तीस वर्षं बाळंतपणं केली आणि या झटक्याइतकी भीती मला दुसऱ्या कशाची वाटली नाही. घरच्यांनी ‘एक फिट आली होती’ एवढ्यात जे गुंडाळून ठेवलं ते हे होतं. तुम्ही वाचलात, ताई. त्या दिवशी कोणीतरी वेळेवर योग्य इंजेक्शन दिलं असेल, कोणीतरी रात्रभर तुमच्या उशाशी बसलं असेल. पण याला सुखरूप म्हणायला मी तयार नाही.

बाकीच्या गोष्टींआधी एक काम करा. तुमचा रक्तदाब मोजून घ्या, याच आठवड्यात. गरोदरपणात ज्यांना हा आजार झाला त्या बायकांना पुढच्या वयात ब्लडप्रेशर, हृदयविकार आणि पक्षाघात होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, साधारण दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. हे आपल्याकडे बायकांना सहसा कोणी सांगत नाही. बाळंतपण झालं, बाळ हाती आलं, विषय संपला असंच सगळे धरून चालतात. सोबत साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, ‘मला पहिल्या बाळंतपणात झटका आला होता.’ शिलाई मशीनवर दिवसभर बसता, त्यामुळे मान-डोकं दुखलं तर ते कामाचंच असं धरून चालू नका.

आणि तो महिनाभराचा ताप. बाळंतपणानंतर गर्भाशयात जंतुसंसर्ग होतो, नीट औषध मिळालं नाही की तो नळ्यांपर्यंत जातो, नळ्या बंद होतात आणि पुढे दिवस राहत नाहीत. अशा कितीतरी बायका माझ्याकडे ‘दुसरं का होत नाही’ म्हणून येत. घरातले त्यांनाच बोल लावत. तुम्हालाही कोणी ना कोणी बोललंच असेल, तुम्ही लिहिलं नाहीत तरी. त्यात तुमचा काडीचा दोष नव्हता.

आता भाऊ विचारतात ते. सोळा-सतरा आणि बावीस-तेवीस, शरीराला एवढा काय फरक पडतो?

पडतो. पाळी सुरू झाली म्हणजे मुलगी ‘मोठी’ झाली असं आपण म्हणतो, पण शरीराची वाढ तिथे थांबत नाही. ज्या कमरेच्या हाडांमधून बाळाचं डोकं खाली यायचं असतं ती उंची थांबल्यावरही काही वर्षं रुंदावत असतात. वाट अरुंद असली की डोकं अडतं, कळा दोन-दोन दिवस चालतात, मग चिमटा किंवा सिझेरियन. तुमचे ते दोन दिवस असेच गेले असणार. शिवाय मुलगी स्वतः वाढत असताना पोटात दुसरा जीव वाढू लागला की दोघांना एकाच ताटातलं पुरवायचं असतं, आणि ताट आधीच रिकामं असतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. अशा मुलीला बाळंतपणात थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे. विशीच्या आतल्या आयांना झटके, गर्भाशयाचा संसर्ग आणि अंगभर पसरणारा संसर्ग होण्याचा धोका २० ते २४ वयाच्या आयांपेक्षा जास्त असतो, आणि त्यांची बाळं कमी वजनाची व अपुऱ्या दिवसांची होण्याचं प्रमाणही जास्त. झटका, ताप, पावणेदोन किलोचं बाळ. या यादीतलं बहुतेक सगळं तुमच्या पत्रात आहे. भावाला ज्यात ‘नीट’ दिसतं, ते पत्र मला पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखं वाटलं.

यात गरिबीचा, उशिरा दवाखाना गाठण्याचा, रक्तक्षयाचाही वाटा मोठा असतो. खाणंपिणं आणि तपासण्या नीट असलेल्या १९ वर्षांच्या मुलीची आणि १५ वर्षांच्या मुलीची जोखीम सारखी नसते. पण पैशाने सगळी जोखीम पुसली जात नाही. आणि शरीरापलीकडचं जे असतं ते तर पैशाने अजिबात पुसलं जात नाही.

ते मला एका रात्रीत कळलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. डभोईकडच्या खेड्यातली सतरा वर्षांची मुलगी, बाळ अडलेलं, तातडीने सिझेरियन करायचं होतं. संमतीचा कागद पुढे केला तेव्हा तिनेच पेन घेतलं. सिस्टर म्हणाल्या, ‘तुझी नाही चालणार, बाळा, तू अठराच्या आतली आहेस.’ सही तिच्या बापाने केली. पोट तिचं कापायचं, पण हो म्हणायला तिचं वय कमी होतं. पहाटे बालरोगतज्ज्ञ बाळाबद्दल सांगायला आले आणि सवयीने तिच्या आईकडे वळून बोलू लागले, कारण बाळ तिच्या मांडीवर होतं. ती आजी ३५ वर्षांची. मुलगी कॉटवर पडून दोघांकडे बघत होती. तिच्याच बाळाबद्दल बोलणं चाललं होतं आणि तिला कोणी विचारत नव्हतं. पुढे कितीतरी बाळंतपणं केली, पण आई होण्याच्या वयाचा विषय निघाला की मला ते बघणं आठवतं.

तुमच्या भाचीकडे येते.

तीन महिन्यांनी काय बिघडतं, याचं कायद्यातलं उत्तर भावाला शांतपणे सांगा. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे मुलीला १८ आणि मुलाला २१ पूर्ण लागतात. एक दिवस कमी असला तरी तो बालविवाहच. नवरामुलगा, लग्न लावणारे गुरुजी, लग्न ठरवणारे आईवडील, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. बायकांना या कलमात तुरुंगवास नाही, दंड आहे. अशा लग्नाला हजर राहून त्यात भाग घेणंही गुन्ह्यात धरलेलं आहे, म्हणजे अक्षता टाकायला गेलेली आत्यासुद्धा त्यात आली.

आणि ज्याचा मंडपात कोणी विचार करत नाही ते हे. वैशाखात लग्न झालं आणि श्रावणाआधी पोरीला दिवस गेले, तर तपासणाऱ्या डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याने ते बंधन घातलंय, न कळवणं हा डॉक्टरचाच गुन्हा ठरतो. नवरा आहे म्हणून सूट मिळत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने १८ च्या आतल्या पत्नीबाबत नवऱ्याला बलात्काराच्या कायद्यात असलेली जुनी सवलत काढून टाकली. दुकान चालवणाऱ्या त्या २५ वर्षांच्या मुलाने काय ओढवून घ्यायचं ते पादऱ्याच्या मंडळींनाही समजू द्या. आजीबाईंच्या तब्येतीचं मला वाईट वाटतं. पण साखरपुडा करून आजीच्या पाया पडता येतं, आशीर्वाद घेता येतो. लग्नासाठी पोरीने तीन महिने आधी मोठं व्हायचं, असा काही उपाय नसतो.

एवढं सांगूनही वैशाखाचीच तयारी दिसली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. बालविवाह होणार आहे अशी खबर मिळाल्यावर न्यायालय आधीच मनाई हुकूम देऊ शकतं. भावाविरुद्ध फोन करायचा म्हणजे काय, हे मला कळतं. म्हणून ते शेवटचं ठेवा, पण ठेवा.

भाऊ म्हणतील, आपल्यात असंच चालत आलंय. त्यांना एवढंच आठवून द्या की आपण बडोदेकर आहोत. सयाजीराव महाराजांनी १९०४ साली याच राज्यात बालविवाहाविरुद्ध कायदा केला. तेव्हा मुलीचं वय १२ आणि मुलाचं १६ ठरवलं होतं, आज ऐकवत नाही, पण इंग्रजांच्या मुलखात मुलीच्या लग्नाला किमान वय ठरवणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला, म्हणजे पंचवीस वर्षांनी. लोक दंड भरत आणि लग्नं लावत. तरी महाराज मागे हटले नाहीत, १९०६ मध्ये राज्यभर मुलामुलींना सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, त्याच्या अध्यक्षस्थानी आपल्या महाराणी चिमणाबाई होत्या, आणि बालविवाहाला विरोध तिथेही ठणकावून झाला. चालत आलंय ते हेही चालत आलंय.

मात्र वहिनींशी बोलताना कायदा काढू नका. ‘लवकर मोकळं होता येतं’ असं त्या म्हणतात त्यामागे बहुधा त्यांची स्वतःची दमणूक आहे. त्यांना मोकळं व्हायचंय, मुलीच्या जबाबदारीतून. त्यांना विचारा, तुम्ही मोकळ्या झालात का? आणि तुमचं तुम्ही सांगा. अकरावीचं अर्धं राहिलेलं वर्ष. बाळ रडायचं तेव्हा तुम्हालाही रडू यायचं की नाही. मैत्रिणी सुरसागरच्या काठाने कॉलेजला जाताना दिसायच्या तेव्हा काय वाटायचं. मी हे तुमच्या तोंडी घालत नाही, तुमचं काय होतं ते तुम्हालाच माहीत. पण तुम्ही ते या घरात कधी पूर्ण सांगितलेलं दिसत नाही, आणि म्हणून बाकीचे अर्ध्या गोष्टीवर हिशेब मांडतायत.

तुमच्या आईला हे ऐकणं सगळ्यात जड जाईल. सोळाव्या वर्षी तुम्हाला बोहल्यावर त्यांनीच उभं केलं. भाचीचं लग्न चुकीचं म्हटलं की तुमचंही चुकीचं ठरतं, आणि म्हातारपणी त्यांना ते पचवायचं नाहीये. त्यांना माफी मागायला लावू नका. ‘तेव्हा तुला जे सुचलं ते तू केलंस, आता आपल्याला जास्त माहीत आहे,’ एवढं म्हणून त्यांचा हात धरा.

समजा मुलाकडचे थांबले आणि लग्न श्रावणानंतर, अठरा पूर्ण झाल्यावर झालं. तेव्हा कायदा संपतो, शरीराचं गणित संपत नाही. पहिलं मूल निदान एकविसाव्या वर्षापर्यंत पुढे ढकला, हे दोघांना लग्नाआधी समोर बसवून सांगायला हवं. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, ‘छाया’ नावाची गोळी आणि तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत मिळतं. छाया पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग दर आठवड्याला एकदा घ्यायची, त्यात हॉर्मोन नसतं. ‘पहिलं होऊ दे, मग औषधं घ्या, नाहीतर मूल राहत नाही’ हा समज आजही घट्ट आहे आणि तो खोटा आहे. अंतरा बंद केल्यावर पाळी रुळायला काही महिने लागू शकतात, एवढंच. लग्नाआधी दोघांनी थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही करून घ्यावी. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि ते आधी कळलं तर पुष्कळ काही करता येतं.

माझं विचाराल तर ते लग्नच दोन-तीन वर्षं थांबावं आणि पोरीने आपल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश घ्यावा. पण हे तिला हवं आहे का, ते अजून कोणी विचारलेलं नाही.

आता तुमची लेक.

‘आपण दोघी बरोबरच मोठ्या झालो.’ तुम्हाला हा टोमणा वाटला. मला नाही वाटला. तुमचं तिसावं वर्ष, तुमची चिडचिड, अर्धी राहिलेली स्वप्नं तिने तेरा-चौदा वर्षांची असताना समोर बसून पाहिली. मुलं सांभाळणाऱ्या आईकडे बघतात, तशी ती तुमच्याकडे बघत आली. मूल म्हणजे काय, याचं पहिलं शिक्षण तिला तुमच्याकडूनच मिळालं, आणि ते आयतं आणि सोपं नव्हतं. ती आई व्हायला नाही म्हणत नाहीये. आपण पुऱ्या वाढल्यावर व्हायचं म्हणतेय.

मला इथे डॉ. रखमाबाई आठवतात. त्यांच्या आईचं, जयंतीबाईंचं, लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमाबाई झाल्या, सतराव्या वर्षी वैधव्य आलं. रखमाबाईंचंही लग्न अकराव्या वर्षी लावलं होतं. पण आईचं आयुष्य जवळून पाहिलेल्या या मुलीने मोठेपणी नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्याने कोर्टात खेचलं, १८८७ मध्ये निकाल विरुद्ध गेला, नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने कैद भोगा. त्या म्हणाल्या, कैद चालेल. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि आयुष्यभर आपल्याच बाजूला, सुरतेत आणि राजकोटला, बायकांची बाळंतपणं करत राहिल्या. आईचं लहानपण हिरावलेलं पाहिलेल्या मुली आपल्या निर्णयाला जपतात. तुमच्या लेकीचा विषय एवढा मोठा नाही, पण जात तीच आहे.

तरी वयाचं गणित तिलाही लागू आहे, आणि ते तिच्यापासून लपवणं हीसुद्धा माया नव्हे. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्यभराची बीजं असतात, दहा ते वीस लाख. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पुढे कमीच होत जातात. तिशीच्या सुरुवातीला निरोगी स्त्रीला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक असते, चाळिशीला वीसात एकही राहत नाही. पस्तिशीनंतर उतार जास्त तीव्र होतो, गर्भपाताचं प्रमाण वाढतं. बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या तिसाव्या वर्षी हजारात एकाच्या आसपास, पस्तिसाव्या वर्षी साधारण चारशेत एक आणि चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. वयाचा परिणाम पुरुषांवरही होतो. चाळिशी ओलांडलेल्या बापाच्या बाबतीत दिवस राहायला वेळ लागतो, गर्भपात वाढतात. सासूबाईंचे फोन जावयाला का येत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. टेस्ट ट्यूब बेबीवर फार भिस्त ठेवू नये, कारण स्वतःचीच बीजं वापरायची तर त्यांचं वय त्या उपचाराने कमी होत नाही. बीजं गोठवून ठेवायची असतील तर तेही पस्तिशीच्या आत जास्त उपयोगाचं.

म्हणजे ३१ व्या वर्षी तिला उशीर झालेला नाही. चार-पाच वर्षं नुसतं ‘बघू’ म्हणत घालवण्याइतका वेळही नाही. तिने आणि जावयाने एकदा डॉक्टरकडे बसून वर्ष ठरवावं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रुबेलाची लस, थॅलेसेमिया एवढं आधी पाहावं. ठरवल्यावर निदान महिनाभर आधीपासून फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी. बाळाच्या पाठीचा कणा दिवस राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत घडतो, तोवर पुष्कळ जणींना कळलेलंही नसतं. पस्तिशीच्या आत एक वर्ष प्रयत्न करून जमलं नाही तर तपासण्या कराव्यात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच. नोकरी सुटेल या भीतीने थांबली असेल तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, हे तिला माहीत असेलच.

एक गोष्ट तुमच्या कानात सांगते. ‘इतक्यात नको’ हे वाक्य माझ्याकडे आलेल्या कितीतरी जोडप्यांनी घरी सांगितलेलं असायचं, आणि तेव्हा ती दोघं दीड-दोन वर्षं प्रयत्न करत असायची. तुमच्या लेकीचं तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण तसं असेल तर ‘कधी?’ हा प्रश्न तिला दर वेळी कुठे लागत असेल, विचार करा. म्हणून विचारूच नका. तिला सांगा, ‘तुला हवं तेव्हा, नको असेल तर नको. काही अडचण असेल तर मी आहे.’ आणि सासूबाईंना, त्या जिन्यातल्या बेनना, हसून पण एकाच वाक्यात गप्प करणं हे तुमचं काम. ते तिने का करावं?

बरोबर वय विचारलंत, तर डॉक्टर म्हणून मी बावीस-तेवीस ते बत्तीस-तेहतीस म्हणेन. खालच्या बाजूला भिंत आहे. विशीच्या आत नाही, कोणत्याही मुहूर्ताला नाही, कोणाच्याही आजीसाठी नाही. वरच्या बाजूला भिंत नाही, उतार आहे, आणि उतारावर कुठे थांबायचं ते जिला उतरायचं तिने ठरवायचं. मधल्या वर्षांमध्ये मी एकच बघते. तिला हो म्हणायची जशी मोकळीक आहे तशी नाही म्हणायचीही होती का, आणि रात्री तीन वाजता बाळ तिच्या हातून घेणारं दुसरं कोणी घरात आहे का. तुम्हाला सतराव्या वर्षी यातली पहिली गोष्ट कोणी दिली नाही. भाचीला थांब म्हणता आणि लेकीला हवं ते कर म्हणता, यात दोन तोंडं नाहीत, ताई. दोघींसाठी तुम्ही एकच मागताय. कालच्या तुमच्यासाठीही तेच मागायला हवं होतं.

भाचीने फोटो मागितलाय. पोरी उगाच फोटो मागत नाहीत. तिला येत्या रविवारी एकटीला घरी बोलवा, भाऊ-वहिनींना नको. फोटो दाखवा. मग त्याच्या पुढच्या वर्षाचं सगळं सांगा, दोन दिवसांच्या कळा, ती फिट, तो ताप, पावणेदोन किलोची लेक कापसात गुंडाळून ठेवली होती ते. लेकीवर जीव किती जडला तेही सांगा, कारण तेही खरं आहे. आणि मग तिला विचारा, ‘तुला काय करायचंय?’ ती लगेच बोलणार नाही. चहा टाका, वाट बघा.

जमलं तर त्या रविवारी लेकीलाही बोलवा.